दगडाळ रानातलं पाणी

१९५२ साली एका इटालियन घोडीला इंग्लंडमध्ये शिंगरू झालं. अंगानं ते इतकं लहान होतं की त्याचं लाडाचं नावच ‘पिक्कोलो’ पडलं, म्हणजे आपल्याकडचं ‘छोटू’. इटलीतल्या डर्बीसारख्या मानाच्या शर्यतींसाठी घोड्यांची नावं फार आधी नोंदवावी लागतात. या शिंगराचं नाव तिथे नोंदवलंच गेलं नाही. एवढ्याशा जनावरात काय दम असणार, असा सरळ हिशेब होता. पुढे तो घोडा सोळा शर्यती धावला आणि सोळाच्या सोळा जिंकला. पॅरिसची ‘आर्क द त्रिऑंफ’ त्यानं लागोपाठ दोनदा मारली, १९५५ आणि १९५६ मध्ये. त्याचं नाव रिबो. रेसच्या जुन्या शौकिनांसमोर हे नाव नुसतं उच्चारा, पुढचा अर्धा तास तुम्हाला बोलायची पाळी येणार नाही.

रिबोची पैदास केली फेदेरिको तेझिओ यांनी. घोड्यांच्या वंशावळी ज्यांना तोंडपाठ होत्या अशा मोजक्या माणसांपैकी ते एक. १९५४ च्या मे महिन्यात ते गेले, म्हणजे रिबोनं पहिली शर्यत धावण्याच्या दोन महिने आधी. घोडा धावताना पाहिला तो त्यांच्या भागीदारानं, मारिओ इंचीझा देल्ला रोक्केत्ता यांनी. हे मूळचे पिएमोंते प्रांतातले. ‘मार्केझे’ हा त्यांचा किताब, आपल्या भाषेत जहागीरदार म्हणा.

ही गोष्ट घोड्याची नाही. पण सुरुवात इथूनच करायला हवी, कारण रिबो मैदानं गाजवत होता त्याच वर्षांत या मार्केझेंच्या टस्कनीतल्या डोंगरावरच्या तळघरात आणखी एक ‘छोटू’ अंधारात पडून होता. त्यालाही लोकांनी पहिल्या भेटीतच नापास केलं होतं. तो घोडा नव्हता, वाइन होती.

मारिओ यांचा जन्म १८९९ चा. १९२१ ते १९२५ या काळात ते पिसाला शेतीशास्त्र शिकत होते. सरदार घराण्यातला मुलगा, त्यामुळे जवळच्या मिल्यारीनोला साल्वियाती या ड्यूक घराण्याकडे पाहुणा म्हणून वरचेवर जाणं-येणं होतं. तिथे जेवणाच्या टेबलावर एकदा घरच्या डोंगरावरच्या मळ्यातली लाल वाइन आली. त्या काळी युरोपातल्या बड्या घरांत वाइन म्हणजे फ्रान्सची, त्यातही बोर्दोची. बाकीचं सगळं तहान भागवण्यापुरतं. मारिओंचं नाकही बोर्दोवरच तयार झालेलं. त्यांनी पेला नाकाशी नेला आणि ते चमकले. हुबेहूब बोर्दोचा वास येत होता. अगदी जुन्या, मुरलेल्या बोर्दोचा. आणि ही वाइन तर पिसाच्या वेशीबाहेरची!

हे सगळं त्यांनी पुढे १९७४ मध्ये लुइजी वेरोनेल्ली या इटलीतल्या नामांकित वाइन समीक्षकाला पत्रात लिहून कळवलं. ते पत्र उपलब्ध आहे हे बरं झालं. कारण या वाइनभोवती एक दंतकथा कधीचीच वेलीसारखी चढली आहे. तिचे वेल म्हणे बोर्दोच्या शातो लाफितमधून, खुद्द बॅरन रॉथशिल्डच्या बागेतून आले. ऐकायला ही गोष्ट जास्त झकास आहे. पण पत्रात लिहिलंय ते साधं आहे: काड्या साल्वियातींच्या मळ्यातल्या पन्नासेक वर्षांच्या जुन्या वेलांच्या. मला पत्रच खरं वाटतं. स्वतःच्या मालाची बढाई मारायची सोपी संधी चालून आली असताना माणूस ती नाकारतो, तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नसते.

पण वास डोक्यात बसला म्हणून लगेच वेल लागत नाहीत. मध्ये वीस वर्षं गेली, आणि मध्ये एक लग्न झालं.

१९३० मध्ये मारिओंचं क्लारीचे देल्ला गेरार्देस्का यांच्याशी लग्न झालं. गेरार्देस्का हे टस्कनीतलं फार जुनं घराणं. दांतेच्या महाकाव्यात नरकात भेटणारा, पिसाच्या मनोऱ्यात मुलांनातवंडांसकट उपाशी मारला गेलेला काउंट उगोलीनो, तो याच घराण्यातला. ज्या कुळाची जगाला ओळख भुकेमुळे झाली, त्याच कुळाच्या जमिनीवर इतकं देखणं पेय निपजावं, यात थोडी गंमत आहे खरी. क्लारीचेंकडून आली ती बोल्गेरीची ‘तेनूता सान ग्वीदो’ ही इस्टेट. समुद्रकाठच्या वाळूपासून मागच्या डोंगरांपर्यंत तेरा किलोमीटर पसरलेली. नाव पडलं घराण्यातल्याच बाराव्या शतकातल्या एका संतावरून.

बोल्गेरी आहे मारेम्मा या किनारपट्टीच्या उत्तरेकडच्या भागात. मारेम्मा म्हटलं की जुन्या इटालियन माणसाला वाइन आठवायची नाही, हिवताप आठवायचा. दलदल, डास, गुरं राखणारे घोडेस्वार आणि रानडुकरं, ही तिची ओळख. पिढ्यान्‌पिढ्या पाणी काढून देत देत ती जमीन राहण्याजोगी झाली. बोल्गेरी गावाला इटलीत ओळखत होते ते एका कवितेमुळे. १९०६ चं साहित्याचं नोबेल मिळवणाऱ्या जोझुए कार्दुच्ची यांचं बालपण इथे गेलं. सान ग्वीदोच्या छोट्या चर्चपासून गावापर्यंत सरळ जाणारी सुरूच्या झाडांची जवळजवळ पाच किलोमीटरची दुहेरी रांग आहे. त्या झाडांवर त्यांनी लिहिलं आणि शाळेतल्या पोरांनी ते पाठ केलं. वाइन इथे व्हायचीच नाही असं नाही, पण ती हलकीफुलकी आणि गावापुरती. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उंची लाल वाइन होत नाही, यावर जाणत्यांचं एकमत होतं.

मारिओंनी जागा शोधली ती या वाऱ्याला पाठ देऊन. इस्टेटीच्या वरच्या अंगाला, समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास, कास्तिल्योनचेल्लो नावाची जुनी गढी आहे. तिच्याजवळचा उतार त्यांना साल्वियातींच्या डोंगरासारखा वाटला. तिथे १९४४ मध्ये, म्हणजे महायुद्ध इटलीच्या अंगावरून रणगाड्यासारखं जात होतं त्याच वर्षी, जेमतेम दीड हेक्टरात त्यांनी वेल लावले. बहुतेक कॅबर्ने सोविन्यॉं, थोडे कॅबर्ने फ्रॉं. विकायचा विचार डोक्यात नव्हता. फ्रान्सची वाइन युद्धात मिळेनाशी झाली होती, घरी लागेल तेवढी घरी करावी, इतकंच.

वेलांना घड आले, वाइन झाली. ती लोकांनी चाखली आणि तोंडं वाकडी केली.

का वाकडी केली, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण या गोष्टीतला सगळा शोध तिथेच दडला आहे. टस्कनीचं द्राक्ष म्हणजे सांज्योवेझे. त्याची साधी वाइन पातळ रंगाची, जराशी आंबटसर, वर्षा-दोन वर्षांत पिऊन टाकायची. कॅबर्नेचं द्राक्ष वेगळ्या बांध्याचं. मणी लहान, बी मोठी, साल जाड. रसाच्या मानानं साल आणि बियाच जास्त. साल आणि बियांत असतं टॅनिन. कच्चं जांभूळ खाल्लंय ना? किंवा सालीसकट कच्चं केळं चावून पाहिलंय? जीभ टाळूला चिकटते, तोंडातलं पाणी कुणीतरी टिपून घेतल्यासारखं वाटतं. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं आणि तोंडातला बुळबुळीतपणा काढून घेतं, म्हणून तसं होतं. आपण त्याला तुरट म्हणतो. भर म्हणून कॅबर्नेच्या अंगात आणखी एक खोड असते. घड पुरते पिकले नाहीत तर वाइनला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास मारतो. ज्या रेणूमुळे ढोबळी मिरचीला तो वास येतो, नेमका तोच रेणू या द्राक्षातही असतो, आणि लिटरमध्ये ग्रॅमचे काही अब्जांश एवढा असला तरी नाकाला कळतो. नाशिककडे कॅबर्ने लावणाऱ्या बागाईतदाराला हे सगळं सांगायची गरज नाही. त्याची तोडणी फेब्रुवारी-मार्चची आणि बोल्गेरीची सप्टेंबर-ऑक्टोबरची, पण काळजी तीच.

तर ही तरुण, तुरट, दाट, बोलायला न येणारी वाइन हलक्या वाइनची सवय असलेल्या पाहुण्यांपुढे आली. पाहुण्यांनी आपल्या जिभेप्रमाणे निकाल दिला. दुसरा कुणी असता तर वेल उपटून ऑलिव्ह लावून मोकळा झाला असता. मारिओंनी वेल ठेवले, आणि दर वर्षी झालेल्या वाइनच्या काही पेट्या कास्तिल्योनचेल्लोच्या तळघरात ठेवून द्यायचा परिपाठ सुरू ठेवला.

१९४८ ते १९६७. एकोणीस-वीस हंगाम. वाइन इस्टेटीबाहेर गेली नाही. घरच्यांनी, आल्यागेल्यानं प्यायची आणि उरलेली पडून.

या वर्षांत त्या बाटल्यांत काय घडत होतं? टॅनिनचे सुटे सुटे रेणू एकमेकांना आणि रंगाच्या कणांना धरत लांब साखळ्या होत होते. काही साखळ्या इतक्या जड झाल्या की गाळ होऊन तळाशी बसल्या. ज्या उरल्या त्यांची लाळेवरची पकड सैल झाली. बुचातून आत झिरपणारी नखभर हवा याला हातभार लावत होती. तुरटपणा जायला लागला की त्याच्या आड दबलेलं बाकीचं पुढे येतं. काळं मनुकं, देवदारी लाकूड, सिगारची पेटी, ओली माती, असे वास जुन्या बोर्दोच्या वर्णनात नेहमी येतात. तेच हे. पिसाला विशीत नाकात शिरलेला वास मारिओंना आता स्वतःच्या तळघरात सापडत होता. जे अवगुण म्हणून हिणवलं गेलं होतं, तेच वय वाढल्यावर गुण ठरत होते. ही एका रात्रीत कळण्याची गोष्ट नव्हे. दर वर्षी एखादी जुनी पेटी उघडायची, गेल्या वर्षीची चव आठवायची आणि गप्प बसायचं, असा हा शोध.

इथे मला घोडा पुन्हा आठवतो. शिंगराच्या उंचीवरून ज्यांनी हिशेब मांडला ते चुकले होते, हे या माणसानं मैदानात उभं राहून पाहिलं होतं. नव्या वाइनच्या पहिल्या घोटावर विश्वास ठेवायची त्याला घाई नसावी. तरुणपणी त्यांचं स्वप्नच मुळी ‘जातिवंत’ वाइन करायचं होतं, आणि हा शब्द त्यांच्या तबेल्यातूनच आला होता.

आता नातेवाईक कथेत येतात. क्लारीचेंची बहीण कार्लोत्ता दिली होती फ्लॉरेन्सच्या अंतिनोरी घराण्यात. अंतिनोरी म्हणजे १३८५ पासून वाइनच्या धंद्यात असलेले लोक. म्हणजे निकोलो अंतिनोरी हे मारिओंचे साडू, साडूंचा मुलगा प्येरो हा मारिओंच्या मुलाचा, निकोलोचा, सख्खा मावसभाऊ. (दोन्ही घरांत निकोलो आहेत. त्याला माझा इलाज नाही.) जेवायला आलेल्या नातेवाइकांनी तळघरातली जुनी बाटली प्यायची आणि ‘अहो, ही विकत का नाही?’ म्हणायचं, हे वर्षानुवर्षं चाललं असणार. अखेर मार्केझे तयार झाले. १९६८ च्या हंगामाची वाइन १९७१ मध्ये अंतिनोरींमार्फत बाजारात आली. लेबलवर निळ्या वर्तुळात आठ टोकांचा सोनेरी तारा, आणि नाव ‘सास्सिकाया’.

नावाचा अर्थ अगदी रांगडा आहे. ‘सास्सो’ म्हणजे दगड. सास्सिकाया म्हणजे जिथे दगडच दगड आहेत अशी जागा. आपल्याकडे सातबाऱ्यावर नसली तरी गावात ‘दगडाळीचं रान’ अशी नावं चालतात ना, तसं. १९६५ मध्ये मारिओंनी वरच्या डोंगरावरून खाली, समुद्राकडे उतरत नवे दोन मळे लावले, त्यांपैकी एकाचं हे नाव. बारा हेक्टरांचा हा तुकडा गोट्यांनी भरलेला. आणि इथे बोर्दो परत भेटतं. बोर्दोचे जे भाग कॅबर्नेसाठी नावाजलेले आहेत त्यांपैकी एकाचं नावच ‘ग्राव्ह’, म्हणजे खडी. खडीतून पाण्याचा निचरा झटपट होतो. वेलाला ऐषआराम मिळत नाही. मुळं पाण्यासाठी खोल जातात. पालवीचा माज उतरतो आणि ताकद घडांत येते. दिवसा तापलेले दगड संध्याकाळी ऊब सोडत राहतात, ती या उशिरा पिकणाऱ्या द्राक्षाला उपयोगी पडते. ज्या समुद्राला घाबरून मारिओ वीस वर्षांपूर्वी डोंगरावर चढले होते, तोही शत्रू निघाला नाही. दुपारी समुद्रावरून येणारी झुळूक घड कोरडे ठेवते, बुरशीला थारा देत नाही. मागचे डोंगर थंड वारे अडवतात. चुलीजवळची ऊब आणि खिडकीतला वारा दोन्ही एकाच जागी, असा हा पट्टा. जाणत्यांच्या एकमताचं काय झालं, ते विचारू नका.

प्येरो अंतिनोरींनी आपला माणूसही मदतीला दिला. जाकोमो ताकीस, पिएमोंतेतलेच, वाइनचे रसायनतज्ज्ञ. पुढे इटलीतल्या अनेक थोर वाइनींवर त्यांचा हात फिरला. पण त्यांचा पाया इथे घातला गेला असं म्हणायला हरकत नाही. बोर्दोचे प्राध्यापक एमील पेन्यो यांच्या विचारांचा त्यांच्यावर पगडा होता. ताकीस आल्यावर तळघराला शिस्त आली. तापमान हातात ठेवता येईल अशा जागी सगळं हलवलं. आंबवायला लाकडी कोठ्या होत्या, त्या जाऊन स्टीलच्या टाक्या आल्या. आणि वाइन मुरवायला आली फ्रेंच ओकची ‘बारीक’. हा शब्द ऐकून हसू नका. ही बारीक चांगली २२५ लिटरची असते. पण शेजारच्या गावांत वापरल्या जाणाऱ्या भल्याथोरल्या पिंपांपुढे ती बारीकच. पिंप जितकं लहान, तितकं वाइनला लाकडाचं अंग जास्त लागतं आणि तितकी हवाही हळूहळू जास्त मिळते. तळघरात वीस वर्षांत जे आपोआप झालं, त्यातलं थोडं आता ठरवून, मोजून करता येऊ लागलं.

मिश्रण ठरलं साधारण ८५ टक्के कॅबर्ने सोविन्यॉं आणि १५ टक्के कॅबर्ने फ्रॉं. पहिल्यानं बांधा द्यायचा, दुसऱ्यानं वास आणि मऊपणा. जाणकारांना त्या पंधरा टक्क्यांचं महत्त्व आधीपासून ठाऊक होतं, पण त्यामागचं नातं कुणाला माहीत नव्हतं. ते कळलं थेट १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात. डेव्हिस इथल्या विद्यापीठात कॅरोल मेरेडिथ आणि जॉन बॉवर्स यांनी द्राक्षांच्या डीएनएची वंशावळ लावायला घेतली, आणि १९९७ मध्ये त्यांचा शोधनिबंध आला. कॅबर्ने सोविन्यॉं हे कॅबर्ने फ्रॉं आणि पांढऱ्या सोविन्यॉं ब्लां यांचं अपत्य आहे. कुठल्याशा फ्रेंच मळ्यात काही शतकांपूर्वी वाऱ्यानं जमवलेला संकर. लाल द्राक्षांचा राजा, आणि त्याच्या जन्मदात्यांपैकी एक पांढरं. म्हणजे सास्सिकायाच्या प्रत्येक बाटलीत लेकरू आणि त्याचा जन्मदाता एकत्र नांदत होते. आयुष्यभर घोड्यांच्या वंशावळी पाहणाऱ्या मारिओंना ही बातमी सगळ्यात जास्त आवडली असती. पण ती यायच्या चौदा वर्षं आधीच ते गेले होते.

बाजारात वाइन आली खरी, पण कायद्याच्या वहीत तिला जागा नव्हती. इटलीत ६० च्या दशकात वाइनींसाठी दर्जाचे नियम आले. प्रत्येक भागानं कुठलं द्राक्ष किती वापरायचं हे त्यात बांधून दिलेलं. नियमांचा हेतू चांगला होता, बांधणी मात्र कधीकधी अजब. शेजारच्या क्यांतीच्या लाल वाइनीत १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षं घालणं १९६७ पासून सक्तीचं होतं! बोल्गेरीत फ्रेंच द्राक्षांची उंची लाल वाइन होईल, हे तर नियम करणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यामुळे सास्सिकायाच्या लेबलवर कायद्यानं शब्द उमटले ‘व्हीनो दा ताव्होला’. म्हणजे टेबल वाइन. खानावळीत जेवणाबरोबर सुरईतून मिळते त्या वाइनची पायरी. सगळ्यात खालची. प्येरो अंतिनोरींनी १९७१ च्या हंगामापासून ‘तिन्यानेल्लो’ ही आपली वाइन काढली, तीही नियमाबाहेर गेली आणि तिलाही हाच शिक्का बसला. पुढे इंग्रजी वाचकांसाठी या बंडखोर टोळीचं नाव ‘सुपर टस्कन’ पडलं. नाव जरा बाजारू आहे, मला फारसं आवडत नाही, पण रूढ झालंय.

मग आलं १९७८.

दोनच वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर यांनी भरवलेल्या चाचणीत फ्रेंच परीक्षकांनी नाव न पाहता कॅलिफोर्नियाच्या वाइनींना पहिलं बसवलं होतं. फ्रान्सला तो घाव अजून ठसठसत होता. अशा वेळी लंडनच्या ‘डिकँटर’ मासिकानं जगभरच्या कॅबर्ने वाइनींची चाचणी घ्यायचं ठरवलं. ११ देशांच्या ३३ वाइनी. परीक्षकांत ह्यू जॉन्सन, सेरेना सटक्लिफ, क्लाइव्ह कोट्स अशी वजनदार नावं. कुठल्या पेल्यात कोण आहे हे कुणालाच माहीत नाही.

अशी चाचणी बाहेरून पाहायला अगदी रटाळ. पेला उजेडाशी धरायचा, कडेचा रंग बघायचा. फिरवायचा, नाक घालायचं. घोटभर तोंडात घेऊन, हवा आत ओढत घोळवायचा आणि थुंकून टाकायचा. कागदावर आकडा लिहायचा, पुढचा पेला घ्यायचा. तेहेतीस वेळा. कुणी बोलायचं नाही. या शांततेत नावाची, किमतीची, लेबलवरच्या राजवाड्याच्या चित्राची सगळी मिजास गळून पडते. उरतं फक्त जे पेल्यात आहे ते. घोड्याचं जसं सुरुवातीचा दोर उठल्यावर होतं, तसंच.

आकडे जुळले, पहिली आलेली वाइन उघडी केली. इटलीची होती. खानावळीच्या पायरीची, ‘व्हीनो दा ताव्होला’. सास्सिकाया, हंगाम १९७२. परीक्षकांचं तिच्यावर एकमत झालं होतं. १९७२ हे काही इटलीत कौतुकानं आठवावं असं वर्षही नव्हतं. हाही एक छोटूच.

बोल्गेरीचं नशीब त्या पेल्यात फिरलं. ज्या पट्ट्यात फळबागा, भाजीपाला आणि गुरं होती, तिथे वाइनवाले जमीन शोधत येऊ लागले. प्येरोंचा धाकटा भाऊ लोदोव्हीको यानं १९८१ मध्ये शेजारीच ‘ओर्नेल्लाया’ सुरू केली. अंतिनोरींनी स्वतः ‘ग्वादो अल तास्सो’ काढली. सरकार मात्र सरकारी चालीनं चाललं. बोल्गेरीला दर्जाचा शिक्का १९८३ मध्ये मिळाला खरा, पण फक्त पांढऱ्या आणि गुलाबी वाइनींसाठी! जगानं जी लाल वाइन पहिली ठरवली होती, ती अजूनही टेबलावरच.

त्याच वर्षी, १९८३ मध्ये, मारिओ गेले. जाताना मागे फक्त वाइन ठेवली असं नाही. इस्टेटीच्या समुद्राकडच्या दलदलीत येणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांसाठी त्यांनी १९५९ मध्येच राखीव जागा सोडली होती, आणि १९६६ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफची इटलीतली शाखा निघाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष तेच झाले. ज्या पाणथळीला बाकीचे वाळवून सोनं करायला बघत होते, ती यानं बदकांना दिली. घोडे, बदकं, वेल. तिन्हीत एक समान गोष्ट दिसते, ती म्हणजे या माणसाला घाई नव्हती.

त्यांच्या पश्चात दोनच वर्षांनी आलेला १९८५ चा हंगाम मुलानं, निकोलोनं, पार पाडला. त्या वाइनला अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी शंभरपैकी शंभर गुण दिले. २०१८ मध्ये ‘वाइन स्पेक्टेटर’नं वर्षातली सर्वोत्तम म्हणून २०१५ ची सास्सिकाया निवडली. आणि मोठेपणाचा आणखी एक दाखला २०२० मध्ये मिळाला. इटलीच्या आर्थिक गुन्हे पोलिसांनी मिलानजवळ एक टोळी पकडली. सिसिलीची साधी वाइन, तुर्कस्तानातून आणलेल्या बाटल्या, बल्गेरियातून आणलेली लेबलं आणि खोकी, आणि त्यांवर नाव सास्सिकाया. कधीकाळी जी फुकट पाजूनही लोकांना रुचत नव्हती, तिची आता नक्कल करणं हा धंदा झाला होता.

लाल वाइनींना बोल्गेरीचा शिक्का अखेर १९९४ मध्ये मिळाला, आणि सास्सिकायाला त्यात खास पोटभाग. २०१३ मध्ये तोही वेगळा काढून ‘बोल्गेरी सास्सिकाया’ हा स्वतंत्र दर्जा झाला. एकाच इस्टेटीसाठी केलेला. त्याच्या नियमांत दोन गोष्टी पक्क्या आहेत. कॅबर्ने सोविन्यॉं किमान ८० टक्के हवी, आणि बाजारात येण्याआधी वाइन किमान २४ महिने मुरली पाहिजे, त्यातले १८ ‘बारीक’मध्ये. वाट पाहणं आता तिथे कायद्यानं बंधनकारक आहे.